अनायरिन बेव्हन : खाणीतल्या लॉजपासून आरोग्य मंत्रालयापर्यंत

तळघर

आधी नावांचा घोळ निस्तरू, पुढे तो हमखास नडतो. बेव्हरिज, बेव्हिन आणि बेव्हन ही तीन वेगळी माणसं. विल्यम बेव्हरिज उदारमतवादी. सामाजिक विम्यावरचा १९४२ चा अहवाल त्याचा. अर्नेस्ट बेव्हिन वाहतूक आणि गोदी कामगारांचा पुढारी, युद्धात कामगारमंत्री, नंतर परराष्ट्रमंत्री. डिसेंबर १९४३ पासून नोंदणी क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावर चिठ्ठी काढून सैन्याऐवजी खाणीत धाडलेली पोरं 'बेव्हिन बॉइज' म्हणून ओळखली जातात, ती या बेव्हिनची. हा धागा तिसऱ्यावर आहे : अनायरिन बेव्हन, लोकांचा 'नाय'.

जन्म १५ नोव्हेंबर १८९७, दक्षिण वेल्समधलं ट्रेडेगर. वडील डेव्हिड खाण कामगार, घरात दहा भावंडं, बोलताना अडखळणारा मुलगा. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि टाय-ट्रिस्ट खाणीत काम सुरू झालं. एकोणिसाव्या वर्षी तो आपल्या लॉजचा अध्यक्ष होता. १९१९ मध्ये साउथ वेल्स मायनर्स फेडरेशन या खाण कामगार संघटनेच्या शिष्यवृत्तीवर लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात दोन वर्षं काढली. परत आला तर काम देणारं कुणी नाही. १९२२ मध्ये ट्रेडेगरच्या नगर परिषदेवर, १९२६ मध्ये फेडरेशनचा पगारी तंटा-प्रतिनिधी (आठवड्याला ५ पौंड), १९२८ मध्ये मॉनमथशर काउंटी कौन्सिलवर, १९२९ मध्ये एब्बू व्हेलचा मजूर पक्षाचा खासदार. मरेपर्यंत तोच मतदारसंघ.

माझा मुद्दा एवढाच. १९४८ ची राष्ट्रीय आरोग्यसेवा आरोग्यमंत्री म्हणून त्याने उभी केली; ती समजून घ्यायला लोक संसदेतली भाषणं वाचतात. त्याआधी लॉजचं कामकाज पाहावं. वर्गणी कशी कापायची, समितीत कोण बसणार, समोरच्याला नेमकं किती द्यायचं आणि काय अजिबात सोडायचं नाही, हे सगळं तिथलं शिक्षण. जाणकारांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.

वजनकाटा

लॉज म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. एका खाणीतल्या फेडरेशन-सभासदांची शाखा म्हणजे लॉज. आपल्याकडे १९२८ च्या संपानंतर मुंबईत गिरणी कामगार युनियनच्या गिरणी समित्या होत्या, साधारण त्या जातीची गोष्ट. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, समिती. सगळे निवडून आलेले आणि बहुतेक जण रोज खाली उतरणारे.

तंटे कशावरून होत, तर बहुतेक वेळा वजनावरून. कोळसा तोडणाऱ्याला टनावर पैसे. दक्षिण वेल्समध्ये दीर्घकाळ फक्त मोठ्या ढेकळांचे पैसे मिळत, बारीक चुऱ्याचे नाही. त्यासाठी कोळसा फावड्याने न भरता 'कर्लिंग बॉक्स' नावाच्या, एका बाजूने उघड्या पत्र्याच्या खोक्यात हाताने वेचून डब्यात टाकायचा. डब्याला तिथे 'ड्रॅम' म्हणत. वर आल्यावर ड्रॅम जाळीवर ओतत, खाली पडणारा चुरा वेगळा तोलत आणि तेवढं वजन वजा करत. या यंत्राला कामगारांनी ठेवलेलं नाव 'बिली फेअरप्ले', म्हणजे 'न्यायी बिली'. चुरा मालक नंतर विकतच असे, हे सांगायला नको.

म्हणून चेकवेयर महत्त्वाचा : मालकाच्या काट्याशेजारी उभा राहून वजन तपासणारा, कामगारांनी मतदानाने निवडलेला आणि स्वतःच्या पैशाने पोसलेला माणूस. १८६० च्या कायद्याने हा हक्क मिळाला, १८८७ च्या कायद्याने पक्का झाला. पगार मालक देत नसल्याने मालक त्याला सहज हाकलू शकत नसे. ब्रिटनमधल्या कितीतरी खाण-पुढाऱ्यांची पहिली पायरी ही.

दुसरा तंटा 'डेड वर्क'चा. छत खचलं, दगड फोडावा लागला, पाणी साचलं, तर त्या वेळात कोळसा निघत नाही आणि टन भरत नाहीत. त्याचे पैसे वेगळे मागावे लागत आणि मुकादमाशी घासाघीस होई. बेव्हन या कामात तरबेज होता. दरपत्रक आणि कायद्यातलं कलम पाठ असलेला पोरगा मुकादमाला नको असतो. शिवाय ट्रेडेगर आयर्न अँड कोल कंपनीच्या निरनिराळ्या खाणींतल्या लॉज एकत्र आणायचा त्याचा खटाटोप होता. एका खाणीतून काढलेल्याला शेजारच्या खाणीतही काम मिळत नसे, कारण मालक एकच.

भोचक भवानी

उत्तम धागा. दोन शंका.
१) १९२६ ला सगळे 'संप' म्हणतात. मग काही ठिकाणी 'टाळेबंदी' का लिहिलेलं असतं?
२) वडील छातीच्या विकाराने गेले आणि भरपाई मिळाली नाही असं वाचलं. का नाही? खाणीच्या धुळीचा आजार तर उघड आहे.

तळघर

पहिल्याचं उत्तर देतो, दुसऱ्याचं जाणकार देतील.

दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण घटना दोन. युद्धात खाणी सरकारच्या ताब्यात होत्या. ३१ मार्च १९२१ ला त्या मालकांना परत दिल्या आणि मालकांनी लगेच मजुरी पाडली. त्या वेळी रेल्वे आणि वाहतूक कामगारांनी १५ एप्रिलला साथ सोडली. तो 'काळा शुक्रवार'. १९२५ मध्ये पुन्हा तोच पेच आला तेव्हा सरकारने नऊ महिन्यांचं अनुदान देऊन वेळ मारून नेली. अनुदान ३० एप्रिल १९२६ ला संपलं. मालकांच्या नव्या अटी, म्हणजे कमी मजुरी आणि जास्त तास, मान्य नसणाऱ्यांना खाणीत प्रवेश नाही. ही टाळेबंदी. तिच्या पाठिंब्यासाठी बाकीच्या उद्योगांनी पुकारलेला सार्वत्रिक संप ३ ते १२ मे. संप नऊ दिवसांत मिटला. खाण कामगार मात्र दक्षिण वेल्समध्ये डिसेंबर उजाडेपर्यंत बाहेर होते. मध्येच जुलैमध्ये सरकारने सात तासांची मर्यादा उठवून आठ तासांचा कायदा केला.

त्या सात महिन्यांत ट्रेडेगरला बेव्हनचं काम भाषणांपेक्षा भटारखान्याचं जास्त होतं. सामुदायिक स्वयंपाक, अन्नवाटप, निधी, मदतीसाठी पालक मंडळाशी (गरिबांना साहाय्य देणारी स्थानिक संस्था) भांडण. बेडवेल्टी पालक मंडळाने सढळ हाताने मदत आणि कर्जं दिली म्हणून १९२७ मध्ये आरोग्यमंत्री नेव्हिल चेंबरलेनने ते निवडून आलेलं मंडळ बाजूला सारून आपली माणसं नेमली. चेंबरलेन आणि बेव्हन यांचं संसदेतलं हाडवैर इथून मोजावं. आणखी एक. टोकाचा जहाल म्हणून ओळखला जाणारा बेव्हन १९२६ च्या शरद ऋतूत, आणखी ताणलं तर संघटनाच उरणार नाही हे ओळखून, वाटाघाटी करा म्हणणाऱ्यांत होता.

रानजाई

आता ट्रेडेगरच्या दवाखान्याबद्दल, कारण त्याचा उल्लेख सगळे करतात आणि हिशेब कुणी सांगत नाही.

ट्रेडेगर वर्कमेन्स मेडिकल एड सोसायटी, स्थापना १८९०. वर्गणी पौंडामागे ३ पेन्स. तेव्हा पौंडात २४० पेन्स, म्हणजे ८० त १, सव्वा टक्का. आपल्या भाषेत रुपयामागे सव्वा पैसा. ठरावीक रक्कम नव्हे, मजुरीच्या प्रमाणात. ही यातली मेख. ज्याला कमी काम मिळालं त्याची वर्गणी आपोआप कमी, सेवा मात्र तीच, आणि ती बायकापोरांनाही. पैसे मजुरीतूनच कापले जात, म्हणून वसुलीचा खर्च जवळजवळ नाही आणि थकबाकीही नाही. खाणीबाहेरचे गावकरीही वर्गणी भरून सभासद होत. गावातले सुमारे ९५ टक्के लोक आत होते.

विसाच्या दशकात सोसायटीकडे पाच डॉक्टर, एक शल्यचिकित्सक, दोन औषधनिर्माते, एक फिजिओथेरपिस्ट, दंतवैद्य आणि परिचारिका असा पगारी ताफा होता. डॉक्टर नेमणारी समिती कामगारांची. बेव्हन त्या दशकाच्या अखेरीस तिथल्या रुग्णालयाच्या समितीवर होता.

तुलनेसाठी लॉइड जॉर्जचा १९११ चा विमा : फक्त नोकरीत असलेल्याला डॉक्टर. बायको, मुलं नाहीत. रुग्णालयाचा खर्चही नाही. खाण कामगाराची बायको आजारी पडली तर तिने खिशातून द्यायचे किंवा अंगावर काढायचं. बहुतेक जणी अंगावरच काढत.

बिघाड कुठे होई तेही पाहा. अशी सोसायटी एका धंद्यावर उभी असते. खाण बंद, मजुरी बंद, वर्गणी बंद. आणि आजारपण तर तेव्हाच वाढतं. १९२१ आणि १९२६ ला हे घडलं. बेव्हनने पुढे आरोग्यसेवेचा मुख्य खर्च विमा-वर्गणीवर न टाकता सर्वसाधारण करांवर टाकला, त्याची मुळं मला इथे दिसतात. 'आम्ही सगळ्या देशाचं ट्रेडेगर करणार आहोत' या अर्थाचं त्याचं वाक्य नेहमी सांगतात. पण त्याने ट्रेडेगरची नक्कल केली नाही. ट्रेडेगर जिथे मोडत होतं तो सांधा बदलला.

हेकट

फार गोडगोड चाललंय. ट्रेडेगरमध्ये डॉक्टर पगारी होते आणि कामगारांच्या समितीला जबाबदार होते. बेव्हनने राष्ट्रीय सेवेत या दोन्ही गोष्टी सोडल्या. जनरल डॉक्टर (कुटुंबाचे नेहमीचे डॉक्टर) पगारी झाले नाहीत आणि रुग्णालयांच्या मंडळांवर मंत्र्याने नेमलेली माणसं आली, निवडून आलेली नाहीत. लॉजची लोकशाही कुठे गेली मग?

पाटीपेन्सिल

@हेकट, आक्षेप रास्त आहे. पण सौदा कसा झाला ते टप्प्याटप्प्याने पाहा.

१९४५ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये ११४३ धर्मादाय रुग्णालयं होती, सुमारे ९० हजार खाटा. आणि १५४५ नगरपालिकांची, सुमारे ३ लाख ९० हजार खाटा. धर्मादाय रुग्णालयं कंगाल होत आलेली, युद्धात सरकारी पैशावर तगलेली. पर्याय दोन : सगळी नगरपालिकांना द्या किंवा सगळी राष्ट्राची करा. मंत्रिमंडळात हर्बर्ट मॉरिसन नगरपालिकांच्या बाजूने हटून बसला. बेव्हनचं म्हणणं : लहान पालिकांना हे पेलणार नाही, श्रीमंत गावाला चांगलं रुग्णालय आणि गरीब गावाला वाईट हे तसंच राहील, आणि नगरसेवकांच्या हाताखाली डॉक्टर येणार नाहीत. पंतप्रधान अॅटलीने बेव्हनच्या बाजूने निकाल दिला. इंग्लंड-वेल्ससाठी १४ प्रादेशिक मंडळं झाली. अध्यापन रुग्णालयांना स्वतंत्र मंडळं आणि त्यांच्या देणग्या त्यांच्याकडेच.

ही पहिली चाल. विशेषज्ञांना बड्या रुग्णालयात स्थान, अर्धवेळ खाजगी व्यवसायाची मुभा, सरकारी रुग्णालयात काही पैसेवाल्या खाटा आणि साधारण एक-तृतीयांश विशेषज्ञांना गुणवत्तेच्या नावाखाली जादा रक्कम. 'त्यांच्या तोंडात सोनं कोंबलं' हे बेव्हनच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य या विशेषज्ञांबद्दल आहे, सगळ्या डॉक्टरांबद्दल नाही. लोक हे सर्रास चुकवतात.

दुसरी चाल जनरल डॉक्टरांची. तिथे भांडण पैशापेक्षा पगारी नोकर होण्याच्या भीतीचं. सरकारी मसुद्यात वर्षाला ३०० पौंड मूळ पगार आणि वर यादीवरच्या रुग्णागणिक रक्कम होती. आज ३०० पगार, उद्या सगळंच पगारी, अशी शंका. शिवाय दवाखाना विकायची पद्धत बंद होणार होती. त्यासाठी ६ कोटी ६० लाख पौंडांची भरपाई ठेवली, बहुतेकांना निवृत्तीच्या वेळी मिळणारी. फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने मत घेतलं : ४० हजारांहून अधिक विरोधात, बाजूने पाच हजारसुद्धा नाहीत. सेवा सुरू व्हायला पाच महिने.

इथे लॉजचा माणूस दिसतो. विशेषज्ञांच्या बाजूने रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा अध्यक्ष लॉर्ड मोरान मध्ये पडला : नुसत्या नियमाने पगारी सेवा आणणार नाही असं जाहीर करा. ७ एप्रिलला बेव्हनने ते संसदेत सांगितलं. ३०० पौंडांचा पगार ऐच्छिक झाला. खरं तर पूर्ण पगारी सेवा त्याला लगेच आणायचीच नव्हती, म्हणजे सोडलं ते हातात नसलेलं. पुढच्या मतदानात विरोध सुमारे २६ हजारांवर उतरला आणि बाजू साडेचौदा हजारांवर चढली. असोसिएशनने स्वतःच ठरवलं होतं की १३ हजार जनरल डॉक्टर विरोधात असले तरच बहिष्कार. तेवढे भरले नाहीत. ५ जुलै १९४८, सोमवार, सेवा सुरू.

काय सोडलं नाही तेही मोजा : उपचार घेताना पैसे नाहीत, सगळ्यांना प्रवेश, दवाखाना विकणं बंद, रुग्णालयं राष्ट्राची.

हेकट

हे मान्य. पण आदल्या दिवशी, ४ जुलैला, मँचेस्टरच्या बेल व्ह्यूमध्ये हुजूर पक्षाला 'किड्यामुंग्यांहून नीच' म्हणून बसला त्याचं काय? वर्षभर जुळवलेली घडी एका वाक्यात विस्कटायची हौस.

वजनकाटा

ती हौस होतीच. चर्चिलने त्याला युद्धकाळातला 'गलिच्छ उपद्रव' म्हटलं होतं, तेव्हा हिशेब दोन्हीकडचा आहे. १९४२ च्या अविश्वास ठरावावर बेव्हनचा टोला प्रसिद्ध आहे : पंतप्रधान वादामागून वाद जिंकतात आणि लढाईमागून लढाई हरतात. १९४४ मध्ये संपाची चिथावणी देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेचा नियम अर्नेस्ट बेव्हिनने आणला. त्याला विरोध केला म्हणून हा स्वतःच्या पक्षातून जाता जाता वाचला. त्याआधी १९३९ मध्ये फॅसिझमविरोधी संयुक्त आघाडीच्या मुद्द्यावर क्रिप्ससोबत हकालपट्टी झालीच होती, वर्षअखेर परत घेतलं. (हाच तो १९४२ ला भारतात प्रस्ताव घेऊन आलेला स्टॅफर्ड क्रिप्स.)

कारकून क्र. ९

एक कोरडा पण आवश्यक तपशील : खाणीतला माणूस संसदेत जातो कसा, म्हणजे पैसा कुठून येतो?

खासदारांना पगार १९११ पासून, वर्षाला ४०० पौंड. त्याआधी संघटनाच पोसत असे. १९०९ च्या ऑस्बोर्न निकालाने संघटनेचा पैसा राजकारणाला वापरायला बंदी आली. १९१३ च्या कायद्याने मतदान घेऊन वेगळा राजकीय निधी ठेवायची वाट मोकळी झाली. सार्वत्रिक संपानंतर, १९२७ मध्ये, नियम उलटा केला : आधी 'नको' म्हणणाऱ्याने लेखी कळवायचं होतं, आता 'हवं' म्हणणाऱ्याने कळवायचं. आळसाचा फायदा कुणाला, एवढाच फरक. पण त्याने मजूर पक्षाची आवक चांगलीच आटली. १९४६ ला पुन्हा पूर्ववत.

एब्बू व्हेलसारख्या ठिकाणी फेडरेशनचा उमेदवार ठरला की निवडणूक जवळपास संपली. म्हणून खरी लढत लॉजांमधल्या मतदानाची, आणि १९२९ ला बेव्हनने तिथे आपल्याच संघटनेच्या विद्यमान खासदाराला, इव्हन डेव्हिसला, हटवलं. सार्वत्रिक निवडणुकीत २०,०८८ मतं आणि ११,१६४ चं मताधिक्य. १९३१ मध्ये देशभर मजूर पक्ष आडवा झाला तेव्हा हा बिनविरोध.

रानजाई

घरांचा विषय राहिला. तेव्हा घरबांधणीही आरोग्य मंत्रालयाकडेच होती. लाकूड नाही, डॉलर नाहीत, गवंडी अजून सैन्यात. तरी पालिकेचं घर ९०० चौरस फुटांचं हवं आणि संडास खाली-वर दोन हवेत, यावर तो अडून बसला. चार पालिकेची घरं, मग एक खाजगी, असं परवान्यांचं प्रमाण. संख्या मागे पडली आणि १९५१ ला हुजूर पक्षाने वर्षाला तीन लाख घरांचं आश्वासन देऊन तिथेच गाठलं. नंतर मॅकमिलनने ती संख्या गाठली, घर लहान करून.

पाटीपेन्सिल

१९५१ चा राजीनामाही नीट मांडायला हवा, कारण 'चष्म्यावरून राजीनामा' असं हेटाळणीने लिहितात. कोरियन युद्धासाठी तीन वर्षांत ४७० कोटी पौंड संरक्षणावर खर्चायचं ठरलं. अर्थमंत्री गेटस्केलने एप्रिलच्या अर्थसंकल्पात कवळ्या आणि चष्मे यांची निम्मी किंमत रुग्णावर टाकली. त्या वर्षी त्यातून मिळणार होते जेमतेम १ कोटी ३० लाख. बेव्हनचे दोन आक्षेप : एवढ्या चिल्लरीसाठी तत्त्व मोडू नका, आणि एवढी शस्त्रं बनवायला कच्चा माल, यंत्रं आहेत कुठे? २२ एप्रिलला बाहेर पडला. हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमनही गेले. शस्त्रांचा तो आकडा खरोखरच पेलला नाही, आणि कमी केला तो चर्चिलने.

पण हेकट म्हणतील त्याआधी मीच सांगतो : औषधाच्या चिठ्ठीवर शिलिंग लावायचा अधिकार देणारी तरतूद १९४९ ला झाली, तेव्हा आरोग्यमंत्री बेव्हनच होता. लावला नाही, पण दार उघडं राहिलं. १९५२ मध्ये पुढच्या सरकारने त्यातूनच शिलिंग आणला.

पुढचं थोडक्यात. १९५५ च्या नेतेपदाच्या मतदानात गेटस्केल १५७, बेव्हन ७०, मॉरिसन ४०. १९५७ ला ब्रायटनच्या अधिवेशनात त्याने एकतर्फी अण्वस्त्रत्यागाला विरोध केला; परराष्ट्रमंत्र्याला वाटाघाटीच्या खोलीत नागडा पाठवू नका, म्हणाला. डाव्या साथीदारांना तो विश्वासघात वाटला. मला तरी त्यात १९२६ चाच वाटाघाटी करा म्हणणारा माणूस दिसतो. १९५९ मध्ये उपनेता. ६ जुलै १९६० ला पोटाच्या कर्करोगाने मृत्यू. आरोग्यसेवेला बारा वर्षं आणि एक दिवस झाला होता.

तळघर

भारताचा धागा लहानसा आहे. कृष्ण मेनन आणि नेहरू दोघांशी मैत्री. दुसरा जास्त खरा : साठ-सत्तरच्या दशकांत वेल्सच्या खाण-खोऱ्यांत स्थानिक डॉक्टर यायला तयार नसत, तिथले दवाखाने भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी चालवले.

भोचक भवानींची दुसरी शंका अजून बाकी आहे.

वजनकाटा

घ्या. भरपाई मिळायला आजार कायद्याच्या यादीत असावा लागे. खाण कामगाराचे डोळे थरथरण्याचा विकार, निस्टॅग्मस, १९०६ च्या कायद्याखाली यादीत आला. सुरक्षा-दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात वर्षानुवर्षं काम केल्याने होतो, नेत्रगोल स्थिर राहत नाहीत, चक्कर येते. तो डोळ्यांना दिसतो, म्हणून मान्य. (स्वतः बेव्हनला तो होता, पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीचा खटला त्याच प्रमाणपत्रावर निकालात निघाला.)

छातीच्या धुळीचं तसं नव्हतं. तेव्हाचा वैद्यकीय समज असा की अपाय दगडातल्या सिलिकाचा, कोळशाची धूळ निरुपद्रवी. १९२८ च्या योजनेत सिलिकोसिसला भरपाई आली, तीही निम्म्याहून अधिक सिलिका असलेल्या दगडात काम केल्याचं सिद्ध केलं तर. कोळसा तोडणारा ते सिद्ध कसं करणार? १९३४ ला अट सैल झाली. मग मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९३७ पासून दक्षिण वेल्सच्या खाणींतच तपासण्या केल्या, क्ष-किरण चित्रं काढली, आणि दगडाला हात न लावलेल्यांच्या फुप्फुसांतही विकार सापडला. कोळशाच्या धुळीचा न्यूमोकोनिओसिस भरपाईच्या यादीत आला १९४३ मध्ये. डेव्हिड बेव्हन १९२५ मध्ये गेले.

भोचक भवानी

म्हणजे योजनाच नव्हती, तर नाकारायला अर्जही नसणार. आभार. धागा वाचनखुणांत टाकलाय.